प्रत्येक पाऊल शंभराचं

प्यो मिरान दक्षिण कोरियातल्या कोजे बेटावर आली ती फक्त सहा महिन्यांच्या बदली कामावर. दवाखान्यातली एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. तिची जागा सांभाळायची आणि परत आपल्या देगूला जायचं, असा बेत होता. ती बाई परतलीच नाही. मिरानने मग इथल्याच जहाजकारखान्यात आराखडे काढणाऱ्या एका मुलाशी लग्न केलं. दोघांनी चौदाव्या मजल्यावर घर घेतलं आणि पुढच्याच वर्षी जहाजांची मागणी अशी आटली, की त्या इमारतीतली घरं बघायलासुद्धा कुणी फिरकेना. नवरा नोकरीपायी देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला. महिन्यातून दोनदा यायचा, कपडे मशीनमध्ये टाकायचा आणि झोपायचा. घर विकलं जात नाही म्हणून मिरान बेटावर, आणि मिरान बेटावर आहे म्हणून घर विकायची घाई नाही, असं करता करता एकोणीस वर्षं झाली.

तिची खोली दवाखान्याच्या तळघरात होती. खिडकी नाही. जमिनीवर बारा मीटर लांबीची निळी पट्टी, भोवती आठ कॅमेरे, पट्टीच्या मधोमध जमिनीत बसवलेल्या दोन वजनपाट्या. माणसाने आखूड चड्डी घालून यायचं, मिरानने त्याच्या कमरेवर, गुडघ्यांवर, घोट्यांवर, टाचांवर वाटाण्याएवढे चमकणारे मणी चिकटवायचे आणि म्हणायचं, "नेहमीसारखं चाला." नेहमीसारखं चाला म्हटलं की माणूस चालणंच विसरतो, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

सुरुवातीला तिच्याकडे लहान मुलंच जास्त यायची. पायाच्या शिरा आखडलेली, चवड्यांवर चालणारी. त्यांचं ऑपरेशन व्हायचं आणि आधीचं चालणं व नंतरचं चालणं ताडून बघायचं असायचं. पण ताडायचं कसं? कॅमेरे सेकंदाला शंभर चित्रं घेत. एका मुलीचं ऑपरेशनआधीचं एक पाऊल सत्तर मोजमापांचं, तर नंतरचं सव्वाशेचं. निरोगी मुलाचं आणखी तिसरंच. दोन रेघा एकमेकींवर ठेवल्या तर एक संपून जायची आणि दुसरी अर्ध्यावर लोंबकळत राहायची. डॉक्टर दोन कागद उजेडाकडे धरून अंदाज करायचे.

मिरानने जेवणाच्या सुट्टीत एक जाडजूड पुस्तक घेऊन स्वतःच प्रोग्राम लिहिला. टाच टेकली की शून्य, तीच टाच पुन्हा टेकली की शंभर. मधे सत्तर मोजमापं असोत नाहीतर दोनशे, रेघ ताणून किंवा दाबून एकाच लांबीची करायची, तिच्यावर सारख्या अंतराने खुणा करायच्या आणि त्या त्या खुणेपाशी गुडघा किती वाकला होता तो आकडा उचलायचा. खूण दोन मोजमापांच्या मधे पडली तर दोन्हींवरून मधला आकडा काढायचा. पायाचा जोर मोजला असेल तर त्याला माणसाच्या वजनाने भागायचं. झालं. सात वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आजोबा एकाच कागदावर आले. चिकटवलेला मणी मधेच सुटला तर लक्षात यावं म्हणून तिने आणखी एक चाळणी लावली. एका माणसाची सगळी पावलं शंभरची करून एकमेकांवर टाकायची आणि ती फारच वेगवेगळी निघाली तर लाल अक्षरांत सूचना द्यायची.

विभागप्रमुख डॉक्टर थाक यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते सोलच्या परिषदेत नेऊन दाखवलं. मग इतर शहरांतल्या दवाखान्यांतून मागण्या आल्या. मिरानने सगळ्यांना पाठवलं. वर तिचं नाव नव्हतं, फक्त मथळ्यात तिच्या हातून झालेली एक शुद्धलेखनाची चूक होती. 'पाऊल' लिहिताना एक अक्षर सुटलं होतं. ती चूकही सगळीकडे गेली.

पुढे मुलं कमी झाली आणि कारखान्यात जायबंदी झालेले कामगार यायला लागले. भरपाई देणाऱ्या मंडळाला अपंगत्वाची श्रेणी ठरवायला आकडा हवा होता. तो इथे तयारच होता. अडखळलेली पावलं टाकून द्यायची, उरलेल्यांतली सगळ्यांत नीट पाच निवडायची, त्यांची सरासरी काढायची आणि ती निरोगी माणसांच्या राखाडी पट्ट्यावर ठेवायची. रेघ पट्ट्यात असली की श्रेणी नाही, म्हणजे भरपाईही नाही.

ब्यन दाल्सू आला तो नोव्हेंबरात. अठ्ठावन्न वर्षांचा वेल्डर. दोन वर्षांपूर्वी जहाजाच्या टाकीत परांचीवरून पडला होता. कंबरेचं हाड आणि उजवा गुडघा, दोन्ही गेलं होतं. बरोबर बायको होती, कुमसून. कालवं फोडण्याच्या शेडमधून ती तशीच आली होती, रबरी बूट घालून. तिच्या अंगाला समुद्राचा वास होता.

"चड्डीवर चालायचं? या वयात?" दाल्सू म्हणाला.

"टाकीत काय सूट घालून उतरत होता? काढा पँट," कुमसून म्हणाली. "मॅडमनी तुमच्यापेक्षा वाईट पाय पाहिले असतील."

"माझ्यापेक्षा वाईट पायाचा माणूस इथवर चालत येईल होय?"

मिरानला हसू आलं. मणी चिकटवताना तिने विचारलं, "घरी चालता का?"

"रोज सकाळी. बंदराच्या भिंतीला धरून," कुमसूननेच उत्तर दिलं. "लंगडायचं नाही म्हणे. लंगडं दिसलं तर यांच्या टोळीतली माणसं नक्कल करतील."

"करतीलच. मी नव्हतो का करत?" दाल्सू म्हणाला.

तो चालायला लागला. आधी टाच, मग चवडा, मग गुडघा, जसं शिकवलं होतं अगदी तसं. सरकारी कागदावर शिक्का उठवावा तसं तो एकेक पाऊल ठेवत होता. ठेवलं की थांबायचा, ओठ मिटायचा आणि मग दुसरं उचलायचा. सातव्या पावलानंतर त्याने पट्टीच्या कडेच्या कठड्याला हात लावला आणि तोंड भिंतीकडे करून उभा राहिला. मानेवर घाम आला होता. मग पुन्हा निघाला. पट्टी संपली तेव्हा मिरानने पडद्यावर पाहिलं. एक्केचाळीस सेकंद. निरोगी माणूस तेवढंच अंतर दहात जातो.

तो असा सहा वेळा चालला.

"कसं झालं?" त्याने विचारलं.

"छान," मिरान बोलून गेली.

"ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. दोन वर्षांत त्याला असं कुणी म्हटलं नसावं, असा त्याचा चेहरा झाला.

ती दोघं गेल्यावर मिरानने बटण दाबलं. त्याच्या एका पावलाची दोनशे चाळीस मोजमापं शंभरात बसली. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला वेळ प्रोग्रामने अडखळलेलं पाऊल म्हणून आपोआप टाकून दिला. उरलेली रेघ राखाडी पट्ट्याच्या बरोबर मधून गेली, पंचविशीतल्या माणसाची जावी तशी. जुळणी, शंभरात एक्क्याण्णव. मिरानने सगळं पुन्हा तपासलं. एकही चूक नव्हती.

अहवाल घेऊन ती डॉक्टर थाकांकडे वर गेली.

"डॉक्टर, यात वेळ कुठे दिसतच नाही. त्यांना चौपट वेळ लागतोय."

"फॉर्ममध्ये वेळेचा रकाना आहे का?"

"नाही. पण खाली एक टीप लिहिता येईल."

डॉक्टर थाक वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मिरानबाई, समजा मी आज टीप लिहिली. उद्या मंडळ विचारणार, आधीच्या अकराशे अहवालांत ही टीप का नाही? त्या अकराशे माणसांचं काय करायचं? आहे तुमच्याकडे उत्तर?"

मिरानने अहवाल त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"आणि हे शून्य ते शंभर ठरवलं कुणी?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"मीच," ती म्हणाली.

त्यांनी सही केली. तीन आठवड्यांनी दाल्सूला मंडळाचं पत्र गेलं, की श्रेणी नाकारली आहे. त्याने हरकत घेतली तेव्हा मंडळाने फेरतपासणीसाठी त्याला बुसानच्या एका दवाखान्याची तारीख दिली.

तारखेच्या आठवडाभर आधी कुमसून दवाखान्याच्या फाटकाशी उभी होती. हातात फोडलेल्या कालवांची पिशवी.

"मॅडम, हे घ्या. लाच नाही, आज जास्त निघाली. मला फक्त एवढं सांगा, यांचं चुकलं कुठे?"

"चुकलं नाही हो. ते फार नीट चालले, हेच झालं."

मिरानने तिला सगळं सांगितलं. लांब पाऊल आणि आखूड पाऊल एका मापाचं करतात ते, मधलं थांबणं गळून जातं ते. कुमसून बर्फाच्या पाण्याने लाल झालेले हात एकमेकांवर चोळत ऐकत होती.

"म्हणजे पाऊल कसं पडलं ते दिसतं. कितीला पडलं ते नाही."

"हो."

"घरात संडासाला जायचं तर आधीपासून निघावं लागतं त्यांना. रस्ता ओलांडताना सिग्नल दोनदा बदलतो, गाडीवाले शिव्या घालतात. ते कुठेच नाही?"

"नाही."

"मग लंगडले असते तर?"

बस आली आणि गेली. कुमसून हलली नाही. ती नुसती मिरानकडे बघत राहिली आणि मिरानला वाटलं, ही बाई इथून जाईपर्यंत मलाही जाता येणार नाही.

"उजवा गुडघा वाकवला नाही तर रेघ पट्ट्याबाहेर जाते," ती म्हणाली. म्हणाल्याबरोबर तिने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. कुमसूनने पिशवी तिच्या हातात कोंबली आणि रस्ता ओलांडून गेली.

त्या दिवसापासून मिरानचं जेवणावरचं लक्ष उडालं. ती मनाशी हिशेब मांडायची. खरं चाललेल्या माणसाचा निकाल खोटा येतो. मग खोटं चालून खरा निकाल आला तर त्यात पाप कुणाचं? रोज तिचं उत्तर एकच यायचं आणि रोज ते तिला पटायचं नाही.

बुसानच्या अहवालाची प्रत डॉक्टर थाकांकडे आली तेव्हा त्यांनी ती खाली पाठवून दिली. मिरानने मथळा पाहिला. 'पाऊल' या शब्दातलं ते एक अक्षर तिथेही सुटलेलं होतं. खाली लाल अक्षरांत सूचना होती, पावलापावलांत मेळ नाही. आणि त्याखाली तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'जाणूनबुजून लंगडण्याचा संशय.'

सोंग करणाऱ्याला एकसारखं लंगडता येत नाही. एकदा गुडघा ताठ, एकदा अर्धा, एकदा विसरून सरळ. सगळी पावलं शंभरची करून एकमेकांवर टाकली की ते लगेच उघडं पडतं. सुटलेला मणी पकडायला लावलेल्या तिच्याच चाळणीने दाल्सूला पकडलं होतं. बटणाच्या आड ही चाळणीसुद्धा आहे, हे फाटकाशी तिच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

ती वर गेली. "डॉक्टर, मीच सांगितलं होतं त्यांना. मला लिहून द्यायचंय."

थाकांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, "तुमची नोकरी जाईल, माझीही चौकशी होईल, ते सोडा. त्या माणसाचं काय होईल ते ऐका. आज नुसता संशय आहे. तुम्ही लिहून दिलंत की तो सोंग करत होता हे तुमच्या सहीने शाबीत होईल."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर संशय राहील."

बोललं तरी तो लबाड, नाही बोललं तरी लबाड. मिरान जिना उतरून खाली आली आणि निळ्या पट्टीच्या कडेला बसून राहिली. बारा मीटर, दोन्ही टोकांना भिंत.

रविवारी ती संत्र्यांची पेटी घेऊन त्यांच्या घरी गेली. बंदरामागच्या चढावर, खाली एक खोली आणि वर गच्ची असं घर होतं. बेल वाजवल्यावर आतून पाऊल ऐकू आलं. मग शांतता. मग दुसरं. दार उघडेपर्यंत पेटी धरून तिचे हात भरून आले.

"कुमसून बाजारात गेलीय," दाल्सू म्हणाला. "या, जमीन खालून तापवलेली आहे, बसा."

त्याने जवाचा चहा ओतला. मिरानने कप हातात न घेताच सगळं सांगून टाकलं. फाटकाशी काय बोलणं झालं, चाळणी कुणाची, सगळं.

दाल्सू ऐकत राहिला. "गुडघ्याचं तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"ही म्हणाली, माझंच डोकं चाललं. मला वाटलं, इतकी हुशार कधी झाली." तो हसला, पण हसू पुरतं आलं नाही. "मॅडम, दोन वर्षं मी सरळ चालायला शिकलो. रडत शिकलो. आणि बुसानला चार परक्या माणसांसमोर लंगड्याचं सोंग केलं. लंगडा असून! आणि तेही धड जमलं नाही."

"माझी चूक आहे."

"आहेच. पण गुडघा माझा होता, मी ताठ केला." त्याने एक संत्रं घेतलं, सोललं आणि अर्धं तिच्यापुढे ठेवलं. "मला एक सांगा. इथे चाललो होतो ते तुम्ही पुसलंत का? ते मूळचं, दाबायच्या आधीचं?"

"नाही. मूळ नोंदी कधीच पुसत नाही."

"थांबलो होतो, ते पण आहे त्यात?"

"सगळं आहे. एक्केचाळीस सेकंद."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "आता तुम्ही जा. राग आलाय. तुम्ही बसलात तर मला चांगलं बोलत राहावं लागेल."

दुसऱ्या हरकतीची सोय नव्हती. दाल्सूची फाइल बंद झाली. वेल्डिंगला उभं राहणं शक्य नव्हतं, तेव्हा तो कुमसूनच्या शेडमध्ये कालवं फोडायला बसू लागला. वीस बायकांत एकटा पुरुष. पहिल्या हिवाळ्यात त्याच्या हातांवर इतक्या जखमा झाल्या की बायकांनी त्याचं नाव 'चिकटपट्टी' ठेवलं.

मिरानने मंडळाला पत्र लिहिलं. दाल्सूचं नाव न घेता, फक्त फॉर्ममध्ये वेळेचा रकाना असावा एवढंच. उत्तर आलं, सूचना विचाराधीन आहे. तिने पुन्हा लिहिलं. मग मूळ नोंदी काढून अकराशे माणसांचे सेकंद एकेक करून मांडले आणि तो तक्ता जोडला. त्यात एकशे सहासष्ट माणसं दाल्सूसारखी निघाली, रेघ पट्ट्यात आणि वेळ दुपटीहून जास्त. डॉक्टर थाकांनी तक्ता दोनदा वाचला. "हे पाठवू नका," म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तो पाठवला, स्वतःच्या सहीने. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तोवर त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

तरी साडेतीन वर्षं लागली. नवीन फॉर्म आला, त्यात चौथ्या ओळीवर रकाना होता, 'बारा मीटरला लागलेला वेळ, सेकंदांत'. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की बंद झालेल्या प्रकरणांना हा बदल लागू नाही.

मिरान जेवणाच्या सुट्टीत शेडवर गेली. आत पाण्याचे पाइप चालू होते आणि शिंपल्यांचे ढीग कंबरेएवढे. दाल्सू उंच स्टुलावर बसला होता. तिने फॉर्म त्याच्यासमोर धरला. हात ओले होते म्हणून त्याने तो घेतला नाही, मान पुढे करून वाचला. बारीक अक्षरंही वाचली.

"आम्हाला नाही म्हणजे," कुमसून म्हणाली.

"नाही."

"तुमच्यासाठी आणलाय होय? दाखवायला आणलाय," कुमसून नवऱ्याला म्हणाली. मग मिरानकडे वळली. आवाजात राग नव्हता, मऊपणाही नव्हता. "जेवलात का?"

"जायचंय. दोनची वेळ दिलीय एकाला."

"कोण?" दाल्सूने विचारलं.

"रंगकाम करणारा एक आहे. शिडीवरून पडला."

"त्याला सांगा," दाल्सू म्हणाला आणि थांबला. सुरी शिंपल्याच्या फटीत तशीच होती. काय सांगायचं ते त्याला सुचलं नसावं, कारण त्याने मनगट फिरवून कालव उघडलं, भांड्यात टाकलं आणि पुढचा शिंपला उचलला.

मिरानने फॉर्म घडी करून खिशात घातला आणि चढ चढून दवाखान्याकडे निघाली. दोनला पाच कमी असताना ती तळघरात पोचली. रंगकाम करणारा आधीच येऊन बसला होता, आखूड चड्डीत, गुडघ्यांवर हात ठेवून.